वसई-विरारमध्ये घर घेताय? रजिस्ट्रेशन झालं म्हणजे घर अधिकृत झालं असं नाही!

(ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही किंवा कागदपत्रांची यादी हाताशी ठेवायची आहे, त्यांच्यासाठी हा थोडा साफसूफ केलेला लेखी अवतार.)

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आला आहे. विरार, नालासोपारा, नायगाव या पट्ट्यातून येणाऱ्या प्रश्नांचा सूर साधारण असा असतो: "चाळीस लाखांत वन बीएचके मिळतोय. एजंट म्हणतो रजिस्ट्रेशन होतंय, लोन होतंय, मीटर नावावर होतोय. मग घाबरायचं कशाला?"

प्रश्न अगदी रास्त आहे. सरकार आपल्याकडून लाखो रुपये मुद्रांक शुल्क घेतं, शिक्का मारून कागद देतं. मग घर खरंच आहे, हे सरकारनेच मान्य केलं ना? उत्तर आहे: नाही. आणि हे 'नाही' समजून न घेतल्यामुळे आपल्याच शहरात माणसं रस्त्यावर आली आहेत. म्हणून आज आधी ते समजून घेऊ, मग खर्चाचा हिशोब करू.

अग्रवाल नगरीत काय झालं?

नालासोपारा पूर्वेला आचोळे भागात अग्रवाल नगरी आहे. तिथली जवळपास ६० एकर जमीन विकास आराखड्यात डंपिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पासाठी राखीव होती. त्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. फ्लॅट विकले गेले, लोक राहायला आले, पोरं तिथेच शाळेत जायला लागली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडायचा आदेश दिला. रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले, पण दिलासा मिळाला नाही. नोव्हेंबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने कारवाई झाली आणि फेब्रुवारी २०२५ पर्यंत सगळ्या ४१ इमारती जमीनदोस्त झाल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबांची घरं गेली. पुढे ईडीने तपास हाती घेतला, छापे पडले, अटका झाल्या. पण ज्याने बचत घालून घर घेतलं होतं, त्याच्या हातात त्या दिवशी काय होतं? कागदांची एक फाईल!

त्याच वर्षी, २६ ऑगस्ट २०२५ च्या रात्री, विरार पूर्वेच्या विजय नगरमध्ये रमाबाई अपार्टमेंट ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. इमारत फार जुनी नव्हती, जेमतेम बारा-तेरा वर्षांची. पालिकेने सांगितलं की ती अनधिकृत होती. म्हणजे 'अधिकृत की अनधिकृत' हा फक्त पैशांचा प्रश्न नाही. नकाशा मंजूर नाही, म्हणजे बांधकामावर नजर ठेवणारंही कुणी नाही.

रजिस्ट्रेशन ऑफिस नेमकं काय करतं?

आपण ज्याला 'रजिस्ट्रेशन ऑफिस' म्हणतो ते म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालय. त्याचं मुख्य काम दस्त नोंदवणं. सही करणारी माणसं तीच आहेत ना, शुल्क पूर्ण भरलंय ना, दस्त कायद्याच्या चौकटीत आहे ना, हे ते बघतं. पण विकणारा खरोखर मालक आहे का, हे ठरवायचा अधिकार निबंधकाला नाही. तमिळनाडूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ एप्रिल २०२५ रोजी हे अगदी स्पष्ट केलं. तिथल्या एका नियमानुसार विकणाऱ्याने मालकीचा जुना दस्त दाखवला नाही तर निबंधक नोंदणी नाकारू शकत होता. न्यायालयाने तो नियमच रद्द केला. मालकी तपासणं हे निबंधकाचं काम नाही, म्हणाले.

सोप्या भाषेत सांगायचं तर रजिस्ट्रेशन हे सिद्ध करतं की अमुक माणसाने तमुक माणसाला फ्लॅट विकल्याचा करार केला. तो फ्लॅट विकायचा हक्क त्याला होता का आणि ती इमारत उभी राहायला परवानगी होती का, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आणि नोटरी? पूर्वेकडच्या चाळींमधल्या खोल्यांचे व्यवहार आजही नोटरी केलेल्या कागदावर किंवा मुखत्यारपत्रावर होतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्येच सांगितलंय की नुसत्या मुखत्यारपत्रावर केलेल्या विक्रीने स्थावर मालमत्तेची मालकी मिळत नाही. स्वस्त खोली म्हणून पाच-सहा लाख देणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

"पण लोन झालं, टॅक्स पावती आहे, रेरा नंबर आहे..."

एकेक घेऊ.

घरपट्टी: पालिका अनधिकृत बांधकामाकडूनही कर घेते, उलट दंड लावून घेते. कायद्यातच लिहिलंय की असा कर किंवा दंड भरला म्हणून बांधकाम नियमित झालं असं मानता येणार नाही. वीजबिलाचंही तेच. ते तुम्ही तिथे राहता याचा पुरावा आहे, इमारत कायदेशीर असल्याचा नाही.

होमलोन: बँकेचा वकील कागद बघतो, पण बँकेच्या पैशांची काळजी म्हणून. त्याचा रिपोर्ट चुकला तरी हप्ता तुमचाच चालू राहतो. इमारत पाडली तरीही! १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बँकांना सांगितलंय की भोगवटा प्रमाणपत्र तपासूनच इमारतीवर कर्ज द्या. म्हणून "ओसी नाही, पण एक फायनान्स कंपनी लोन करून देते" असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा.

रेरा नंबर: हा हवाच, पण तेवढ्याने भागत नाही. आपल्या शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवल्याचं उघड झालं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं. शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर रेरा नोंदणी सक्तीची नाही. छोट्या इमारती याच आडोशाने विकल्या जातात.

मग बघायचं काय?

पाच गोष्टी. यादी सेव्ह करून ठेवा.

१. जमिनीचा सातबारा आणि फेरफार. महाभूलेखवर ऑनलाइन मिळतो, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत. नाव कुणाचं, जमीन भोगवटादार वर्ग १ आहे की २, इतर हक्कांत काय लिहिलंय, बिनशेती झाली का, हे पाहा. पालघर आदिवासीबहुल जिल्हा आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला द्यायला आधी शासनाची परवानगी लागते. ती नसेल तर वरचा सगळा मजला हवेत.

२. विकास आराखड्यातलं स्थान. त्या सर्व्हे नंबरवर आरक्षण आहे का, हे पालिकेच्या नगररचना विभागाकडून लेखी घ्या. त्याला झोन दाखला म्हणतात. अग्रवाल नगरीची सगळी गोष्ट या एका कागदात होती.

३. सीसी, म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, आणि मंजूर नकाशा. इथे वसई-विरारची एक खास गोम आहे. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ ला झाली, पण त्याआधी १९९० पासून इथलं नियोजन सिडकोकडे होतं आणि ते अधिकार पालिकेकडे २०१० मध्ये आले. त्यामुळे जुन्या इमारतीची सीसी सिडकोची असणं साहजिक आहे. आणि नेमका त्याचाच फायदा घेऊन मागच्या तारखांचे बनावट कागद बनवले गेले. २०२३ मध्ये विरारला पोलिसांनी अशी टोळी पकडली, तेव्हा सरकारी कार्यालयांचे खोटे शिक्के सापडले होते. म्हणून झेरॉक्सवर विश्वास नको. सीसीचा क्रमांक आणि तारीख घेऊन पालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "ही परवानगी तुमच्या कार्यालयाने दिली आहे का? किती मजल्यांची? प्रमाणित प्रत द्या." एवढंच विचारा.

४. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. मजले मोजा. सीसी चार मजल्यांची आणि इमारत सहा मजल्यांची असेल तर वरचे दोन कुणाचे? ओसी कोणत्या विंगची आहे तेही बघा.

५. सर्च रिपोर्ट. स्वतःचा वकील करा, एजंटने सुचवलेला नको. तो साधारण ३० वर्षांचा व्यवहार तपासतो: कुणी कुणाला विकलं, गहाण आहे का, दावा चालू आहे का. नोंदणी विभागाच्या साइटवरच्या ई-सर्चमध्ये तुम्हीही सूची २ बघू शकता. एकच फ्लॅट दोघांना विकला असेल तर बऱ्याचदा तिथेच कळतं.

आता खर्च: चाळीस लाखांचं घर खरं कितीला पडतं?

मुद्रांक शुल्क: मूळ दर ५ टक्के, महापालिका क्षेत्रात १ टक्का अधिभार, आणि मेट्रोचा अधिभार लागू असेल तिथे आणखी १ टक्का. नोंदणी विभागाच्या कॅल्क्युलेटरवर तुमचं गाव आणि सर्व्हे नंबर टाकून नेमका दर काढा. बजेटमध्ये ७ टक्के धरा, म्हणजे २ लाख ८० हजार. लक्षात ठेवा, करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यातली जी जास्त, तिच्यावर शुल्क लागतं. घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत, म्हणजे इथे ४० हजार वाचले. नवरा-बायको दोघांची नावं असतील तर ही सवलत मिळत नाही.

नोंदणी फी: १ टक्का, पण कमाल ३० हजार. इथे ३० हजार. पानांप्रमाणे हाताळणी शुल्क वेगळं.

दलाली: रिसेलमध्ये साधारण १ टक्का, म्हणजे ४० हजार, वर जीएसटी. आधीच ठरवा, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

सोसायटी: महापालिका क्षेत्रात हस्तांतरणाचं प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार. 'डोनेशन', 'पेंटिंग फंड' म्हणून लाख मागितले तर पावती मागा आणि निबंधकाकडे तक्रार करायची तयारी दाखवा.

जीएसटी: ओसी मिळालेल्या किंवा रिसेल घरावर नाही. बांधकाम चालू असेल तर ४५ लाखांपर्यंतच्या आणि ६० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घराला १ टक्का, बाकीच्यांना ५ टक्के.

यात वकिलाची फी, बँकेची प्रोसेसिंग फी आणि कर्जाच्या कागदांचं शुल्क धरलं की आकडा चार लाखांच्या आसपास जातो. बँक ८० टक्के, म्हणजे ३२ लाख देते असं धरू. तुमचे ८ लाख आणि वरचे ४ लाख, असे १२ लाख रोख लागतात. बरेच जण आठ लाखांची तयारी करतात आणि शेवटच्या आठवड्यात कुठल्यातरी ॲपवरून पर्सनल लोन उचलतात.

आता यातलं प्रमाण बघा. चार लाखांपैकी घर खरं आहे का हे शोधायला लागतात काही हजार: वकील, उतारे, माहिती अधिकार. आणि लोक नेमकी तिथेच काटकसर करतात!

टोकन कधी द्यायचं?

क्रम महत्त्वाचा. आधी कागदांच्या प्रती, मग तपासणी, मग टोकन, मग नोंदणीकृत करार, मग मोठी रक्कम. बिल्डर कराराची नोंदणी न करता १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही, हा रेरा कायदा आहे. टोकन देताना एक ओळ लिहून घ्या: मालकी किंवा परवानगीत दोष निघाला तर पूर्ण रक्कम परत. "उद्यापर्यंत नाही दिलं तर दुसरं गिऱ्हाईक आहे" असं म्हणाले तर खुशाल घेऊ दे त्या गिऱ्हाइकाला. घर ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची, हेही विसरू नका.

आणि विकणाऱ्यांसाठी थोडक्यात

आई-बाबांचा जुना फ्लॅट विकायचा असेल तर आधी करारांची साखळी पूर्ण करा: बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक मूळ करार, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, कर्ज असेल तर बँकेचा शिल्लक रकमेचा दाखला. एक करार हरवला असेल तर तो शोधायला किंवा प्रमाणित प्रत काढायला वेळ लागतो, आणि तोवर गिऱ्हाईक जातं. घर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलं असेल तर नफ्यावर दीर्घकालीन भांडवली कर लागतो. पुन्हा घर घेणार असाल तर सूट मिळते, म्हणून सही करण्याआधी सीएशी बोला.

तर मंडळी, उद्या साइट व्हिजिटला गेलात की सँपल फ्लॅटमधले टाइल्स जरूर बघा, पण आधी तीन नंबर मागा: सर्व्हे नंबर, सीसी नंबर, ओसी नंबर. खरं घर विकणारा ते तिथल्या तिथे देतो. आणि ज्यांनी आधीच घर घेतलंय, त्यांनीही आपल्या इमारतीचा एक माहिती अधिकार अर्ज टाका. वाईट बातमी असेल तर ती नोटीस चिकटण्याआधी कळलेली बरी, कारण तेव्हा सोसायटी एकत्र येऊन वकील तरी गाठू शकते.

तुमच्या इमारतीच्या कागदांबद्दल काही अडलं असेल तर नाव-पत्ता न लिहिता प्रश्न पाठवा, पुढच्या भागात घेऊ. आणि हा भाग त्या मित्राला फॉरवर्ड करा, ज्याने कालच स्टेटसला ठेवलंय, 'टोकन दिलं, फायनली!'