प्रतिभाताईंनी उघडलेल्या फायली

नागपुरातल्या २००८ च्या त्या चार वर्षांच्या मुलीवरच्या अत्याचार आणि हत्येच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये फाशीच्या शिक्षेपुरता फेरविचाराचा मार्ग मोकळा केला, ही बातमी आता सर्वांना ठाऊक आहे. अपील फेटाळलेले, पुनर्विचार याचिका फेटाळलेली, २०२३ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्जही फेटाळलेला, तरी प्रकरण संपले नाही. बेसा-मनीष नगरकडच्या आमच्या भागात यावर उमटलेली पहिली प्रतिक्रिया रागाची होती आणि तो राग समजण्यासारखा आहे. दुसरी प्रतिक्रिया मात्र ऐकून मी थबकलो. ‘काहून सोडते बाप्पा हे लोकं? ते प्रतिभाताईपासूनच सुरू झालं हे.’

या प्रकरणाशी प्रतिभाताई पाटलांचा काडीचा संबंध नाही. त्या जुलै २०१२ मध्ये राष्ट्रपतिभवनातून बाहेर पडल्या. हा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला २०१४ मध्ये. तरीही फाशी टळली की त्यांचे नाव निघते. म्हणूनच त्यांच्याबद्दल पुन्हा एकदा, नीट विचार करायची वेळ आली आहे असे मला वाटते.

विदर्भाने त्यांना आपले म्हणण्यात कसूर केली नव्हती. जळगाव जिल्ह्यातले माहेर, अमरावतीचे सासर, १९९१ मध्ये अमरावतीतूनच लोकसभा. २००७ मध्ये शिवसेनेने युती बाजूला ठेवून मराठी माणूस म्हणून त्यांना मते दिली. पुढच्या पाच वर्षांत हे कौतुक ओसरले. परदेश दौऱ्यांवरचे २०५ कोटी, पुण्यात खडकीला लष्करी जमिनीवर निवृत्तीसाठीचा बंगला, राष्ट्रपतिपदाच्या काळातल्या भेटवस्तूंचा अमरावतीपर्यंतचा प्रवास. बंगल्याचा बेत त्यांना सोडावा लागला, वस्तू परत गेल्या. या टीकेतली एकही ओळ मी खोडू इच्छित नाही. पदाची शान राखण्यात त्या कमी पडल्या, हे माझेही मत आहे.

पण सगळ्यात जास्त शिव्या त्यांना या गोष्टींसाठी मिळाल्या नाहीत. त्या मिळाल्या तिसाहून अधिक कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलल्याबद्दल. त्यात लहान मुलींवर अत्याचार करून त्यांना मारणारेही होते. २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीतली ती सामूहिक बलात्काराची भयंकर घटना घडली आणि लोकांनी मागे वळून त्यांच्या नावाने बोटे मोडली. एक कैदी तर कर्नाटकात तुरुंगातच २००७ मध्ये वारला होता. त्याला २०१२ मध्ये जीवदान मिळाले. देशभर हसू झाले.

त्या मेलेल्या माणसाच्या अर्जाकडे मात्र हसण्यापलीकडे जाऊन पाहायला हवे. माणूस मरतो आणि दिल्लीला पाच वर्षे पत्ता लागत नाही, यातून त्या फायली कुठल्या अवस्थेत पडल्या होत्या ते कळते. डॉ. कलामांनी पाच वर्षांत दयेचे दोनच अर्ज निकाली काढले. एक फेटाळला, त्यातून धनंजय चॅटर्जीला १४ ऑगस्ट २००४ रोजी कोलकात्यात फाशी झाली. एक मान्य केला. काही प्रकरणे त्यांनी फेरविचारासाठी गृह मंत्रालयाकडे पाठवली, हे खरे. पण ते गेले तेव्हा वीसहून अधिक अर्ज तसेच होते. कलामांवर या देशाने जीव टाकला आणि मीही टाकला. तरी फाशीच्या कोठडीत रोज पहाटे दाराचा आवाज ऐकणाऱ्या माणसाला ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगणे हे राष्ट्रपतींचे काम आहे आणि ते काम लोकांच्या लाडक्या राष्ट्रपतींकडून राहून गेले. लोकांना न आवडणाऱ्या राष्ट्रपतींनी ते केले.

एकट्याने केले, असे नाही. घटनेच्या ७२ व्या कलमातला हा अधिकार राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरतात. फार तर एकदा फाईल परत पाठवता येते. चिदंबरम गृहमंत्री झाल्यावर साचलेल्या फायली पुन्हा तपासल्या गेल्या आणि एकेक करून वर जाऊ लागल्या. तेव्हा ‘प्रतिभाताईंनी सोडले’ हे वाक्य निम्मेच खरे आहे. सरकारने सुचवले, त्यांनी सही केली. पण सही न करता फाईल ठेवून देण्याची सोय त्यांनाही होती. अफझल गुरूच्या बाबतीत त्यांनी तेच केले, आणि तिथे त्यांच्यावरची टीका मला योग्य वाटते.

त्यांनी अर्ज फेटाळलेही. राजीव गांधी हत्येतले तिघे, देविंदरपालसिंग भुल्लर आणि आसामचा महेंद्रनाथ दास, सगळे २०११ मध्ये. या पाचांपैकी कोणीही फासावर गेले नाही. २०१३-१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाचही जणांची शिक्षा बदलली आणि मुख्य कारण एकच दिले, दयेच्या अर्जाला लागलेला असह्य उशीर. २१ जानेवारी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात पंधरा कैद्यांचे तेच झाले. पुण्याच्या २००७ च्या बीपीओ खटल्यातल्या दोघांची फाशी रद्द झाली ती अर्ज फेटाळल्यानंतरच्या दिरंगाईमुळे. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केले. म्हणजे ‘सोडून दिले’ असा राग ज्यांना येतो, त्यांनी तो आधी फाईल दाबून ठेवणाऱ्या कार्यालयांवर काढावा.

आम्ही बेसाकर शहरात जाताना वर्धा रोडला लागतो. अजनी चौक ओलांडला की रहाटे कॉलनीपर्यंत मध्यवर्ती कारागृहाची भिंत सोबत असते. महाराष्ट्रात फाशीची सोय दोनच ठिकाणी आहे, येरवड्यात आणि इथे. ३० जुलै २०१५ च्या सकाळी याकूब मेमनला याच भिंतीआड फाशी झाली, ते नागपूरकरांच्या लक्षात आहे. मार्च २०२३ मध्ये याच तुरुंगातून एक माणूस बाहेर पडला, त्याची आठवण फार कमी जणांना असेल. पुण्याच्या १९९४ च्या राठी हत्याकांडातला हा फाशीचा कैदी. अठ्ठावीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या त्याच्या शाळेचा दाखला मान्य केला. गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय साडेबारा वर्षे होते. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या खटल्याचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली आणि त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष ठरवले. भटक्या जमातीतली गरीब माणसे, धड वकील करण्याचीही ऐपत नसलेली. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात चारातले जवळपास तीन आर्थिकदृष्ट्या दुर्बळ निघाले.

न्यायालयाचीही चूक होते, म्हणूनच घटनाकारांनी शेवटची खिडकी राष्ट्रपतींच्या हाती ठेवली. ती उघडायची म्हटली की कधी अपात्र माणसालाही वारा लागतो, आणि प्रतिभाताईंच्या निर्णयांत अशी प्रकरणे असतील. एका लहान मुलीच्या आईला ते कसे सांगायचे, याचे उत्तर माझ्याकडे नाही. तरी त्या पाच वर्षांत देशात एकही फाशी झाली नाही आणि कोणाचा जीव चुकून गेला नाही, हे मी त्यांच्या खात्यावर जमेच्या बाजूला लिहितो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७२ व्या कलमाने दयेच्या अर्जांना मुदती घालून दिल्या, ते चांगलेच झाले. पण त्याच कलमाने राष्ट्रपतींच्या निर्णयामागची कारणे न्यायालयाला विचारण्याची दारे लावली. प्रतिभाताईंचे निर्णय चुकले की बरोबर होते, हे आज कोणालाच पुराव्याने सांगता येत नाही, कारण कोणाला का सोडले याची कारणे सरकारने लोकांसमोर कधी ठेवली नाहीत. त्या फायलींवरचे गृह मंत्रालयाचे शेरे आता जाहीर करायला हरकत नसावी. तशी मागणी करण्याचा पहिला मान अमरावती-नागपूरकडच्या खासदारांचा आहे.