पेण ते रोहा, व्हाया मोबाइल

आठ जण, आठ मोबाइल, चाळीस किलोमीटर आणि एक चांगलं काम. एकाही ठिकाणी न जमता एकत्र धावता येतं का? येतं! फक्त टीममध्ये कुणी स्कूटर काढता कामा नये.

जानेवारी २०२३ मधला शेवटचा रविवार. पहाटे साडेपाचचा अलार्म. बाहेर सॉलिड गारठा. ग्रुपवर कॅप्टनचा मेसेज येऊन पडलेला, 'उठलात का रे सगळे?' त्याखाली सात अंगठे. त्यातला एक माझा, आणि तो अंथरुणातूनच दिलेला.

आमची टीम म्हणजे सगळा विखुरलेला मामला. तिघं पेणला, दोघं रोह्याला, एक खारघरला, एक पुण्यात हिंजवडीला आणि एक थेट दुबईत. कॉलेजात एकत्र, आता फक्त व्हॉट्सअॅपवर एकत्र. कुणी बँकेत, कुणी आयटीत, कुणी धाटावच्या एमआयडीसीत. धावपटू त्यातला एकही नाही. शेवटचं धावलो ते दिवा-रोहा गाडी पकडायला, अशी सगळ्यांची कथा!

मुंबईला का नाही?

२००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि ऑफिसचा टी-शर्ट घालून ड्रीम रन करणं ही एकदम 'इन' गोष्ट झाली. धावता धावता एखाद्या संस्थेसाठी पैसे जमवायचे, हा फंडाही आपल्याकडे तिथूनच रुजला. मग २०२०मध्ये कोरोना आला आणि रस्ते ओस पडले. त्या ऑक्टोबरमध्ये लंडन मॅरेथॉनमधल्या हजारो लोकांनी आपापल्या गल्लीत ते अंतर कापलं. नोव्हेंबरमध्ये दिल्ली हाफ मॅरेथॉनमध्ये हौशी मंडळी अॅप लावून जिथे होती तिथेच धावली. 'व्हर्च्युअल रन' हा शब्द घराघरात पोचला.

१५ जानेवारी २०२३ला मुंबई मॅरेथॉन पुन्हा रस्त्यावर आली. मग आम्ही व्हर्च्युअल कशाला? कारण सोपं आहे. रोह्याहून पहाटे सीएसएमटीला हजर व्हायचं तर आदल्या दिवशीच निघावं लागतं. मुक्काम कुठे करायचा, हा पुढचा प्रश्न. आणि दुबईवाल्याचं काय?

आयडिया कॅप्टनची. पेण ते रोहा रेल्वेने साधारण चाळीस किलोमीटर. आठ जणांनी पाच-पाच किलोमीटर धावायचं. प्रत्येकाचं अंतर एका शीटमध्ये भरायचं आणि नकाशावरचा ठिपका पुढे सरकवायचा. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. ठिपका रोह्याला टेकला की रन संपली. प्रत्येक किलोमीटरमागे कुणी पन्नास रुपये देणार, कुणी शंभर.

पैसे कुणासाठी?

हा विषय निघाला तेव्हा ग्रुप जरा शांत झाला. आमच्या कॅप्टनच्या आईची ट्रीटमेंट परळच्या 'टाटा'मध्ये झाली. रोह्याहून पहाटेची गाडी, पनवेलला लोकल, कुर्ल्याला बदलून परळ. गाड्या मोजक्या, त्यामुळे एक चुकली की सगळा दिवस गेला. केमो झाल्यावर तोच प्रवास उलटा. "औषधाचं कसंतरी होतं ग," काकू म्हणायच्या, "पण जायचं-यायचं आणि राहायचं, यातच माणूस मोडतो." काकू आता बऱ्या आहेत. पण आपल्या भागातून आजही कितीतरी घरं परळला आणि खारघरच्या केंद्रात अशीच हेलपाटे घालतात. म्हणून ठरलं, पैसे रुग्णांच्या प्रवासाची आणि राहण्याची सोय करणाऱ्या एका संस्थेला द्यायचे.

कॅन्सर आणि धावणं यांचं नातं जुनं आहे. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा उजवा पाय अठराव्या वर्षी कॅन्सरमुळे कापावा लागला. १९८०च्या एप्रिलमध्ये तो कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला. रोज साधारण एक मॅरेथॉन, म्हणजे आपलं पेण ते रोहा, रोज! १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि कॅन्सर फुप्फुसात पोचल्याने त्याला थांबावं लागलं. पुढच्या वर्षी, बावीसाव्या वर्षी, तो गेला. त्याच्या नावाने आजही जगभर लोक धावतात. हे वाचल्यावर पाच किलोमीटरची कुरकुर करायची कुणाची टाप होती?

ठिपका अडला

माझी सुरुवात अंतोऱ्याच्या रस्त्यावरून. हायवे आम्ही आधीच बाद केला होता. ट्रकच्या शेजारून धावण्यात कसली आलीय चॅरिटी? पहिला किलोमीटर मजेत, दुसऱ्यात पोटात कळ, तिसऱ्यात 'कुणी सांगितलं होतं?' हमरापूरला राहणारी मैत्रीण गणपतीच्या कारखान्यांवरून धावत होती. रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगांचा फोटो तिने टाकला, खाली ओळ, 'चीअर करायला एवढे जण आहेत!' रोह्यात कॅप्टन कुंडलिकेच्या काठाने धावली. काकू बाकावर बसून घड्याळ बघत होत्या. दहा वाजेपर्यंत नकाशावरचा ठिपका रोह्यात. ग्रुपवर नुसता जल्लोष.

आणि मग कॅप्टनने तो स्क्रीनशॉट उघडला. हिंजवडीच्या मित्राचे पाच किलोमीटर. पहिले दोन तेरा मिनिटांत, पुढचे तीन सहा मिनिटांत! ऑलिम्पिकवालेही असं धावत नाहीत. विचारल्यावर आधी 'जीपीएस गंडलं रे'. मग थोड्या वेळाने फोन. गुडघा दुखायला लागला, म्हणून भावाच्या स्कूटरवर बसून राऊंड पूर्ण केला. "पैसे तर चांगल्या कामालाच जाणार ना? तीन किलोमीटरने कुणाचं काय अडतंय?"

खरं सांगू? माझ्यासकट निम्म्या ग्रुपला ते पटत होतं. रविवार होता, पोहे समोर होते, विषय संपवून टाकावा असं वाटत होतं. पण कॅप्टन ऐकेना. "ज्यांनी शंभर रुपये दिले ते माझ्या शब्दावर दिले. आईला मी काय सांगू, स्कूटरने केलं म्हणून?" ती चिडलेली नव्हती. तेच जास्त लागलं.

तिने ठिपका मागे ओढला. रोह्याऐवजी अलीकडे तीन किलोमीटर. दिवसभर तो तिथेच अडकून पडलेला.

संध्याकाळी सहाला मित्राचा मेसेज आला, 'चालत केलं तर चालेल का?' चालेल की! धावायलाच हवं असा नियम कुणी केला होता? आम्ही सगळे कॉन्फरन्स कॉलवर आलो. तो लंगडत चालतोय, दुबईवाला जुन्या प्रोफेसरांच्या नकला करतोय, आणि काकू कुणाच्यातरी फोनवरून म्हणतायत, "सावकाश रे बाळा, घाई नाही." तीन किलोमीटरला पाऊण तास लागला. सकाळच्या रनमध्ये प्रत्येक जण एकटा धावला होता. टीम खरी झाली ती या पाऊण तासात.

पैसे दुसऱ्या दिवशी संस्थेच्या खात्यात गेले. रक्कम फार मोठी नव्हती, पण त्यातला रुपयान् रुपया घामाचा होता.

पुढच्या शनिवारी पेणला पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा-मीठ. मडकं उपडं करून भोवती जाळ. हिंजवडीवाला पुण्याहून खास आला, गुडघ्याला पट्टा बांधून. आल्या आल्या कॅप्टनने विचारलं, "कसा आलास?"

"गाडीने," तो म्हणाला, "आणि या वेळी सांगून!"

तुमची टीम करायचीय?

० सहा ते दहा जण पुरेत. अंतर सगळ्यांना झेपेल असं ठेवा. चालणं चालेल, हे आधीच जाहीर करा.

० आपल्या ओळखीचा मार्ग घ्या. दोन गावं, दोन स्टेशनं, आजोळचा रस्ता. नुसत्या आकड्यापेक्षा ठिपका सरकताना जास्त मजा येते.

० अॅपमध्ये लोकेशन चालू आहे ना, बॅटरी आहे ना, हे निघण्याआधी बघा. उंच इमारतींमध्ये जीपीएस थोडं इकडेतिकडे होतं, तेवढं समजून घ्या.

० मोठ्या इव्हेंटमध्ये भरलेली एन्ट्री फी म्हणजे देणगी नव्हे. त्यातून टी-शर्ट, मेडल आणि कुरिअरचाही खर्च निघतो. देणगी वेगळी आणि थेट संस्थेच्या खात्यात द्या, पावती मागून घ्या.

० गुडघा दुखला तर थांबा. आणि ग्रुपवर खरं ते सांगा!