सदैव हरणारा मुलगा

व्यंगचित्रमालिका ही पोरासोरांच्या करमणुकीची वस्तू; तीत प्रौढ माणसाने काय शोधावे, असे आमचे काही वाचक म्हणतील. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पुष्कळशा मालिका एकदा वाचून रद्दीत टाकण्याच्याच योग्यतेच्या असतात. परंतु बालपणी हाती आलेली एक मालिका आज चाळिशी उलटल्यावरही आमच्याने सोडवत नाही. ती म्हणजे अमेरिकन चित्रकार चार्ल्स शुल्झ यांची ‘पीनट्स’. हे नाव मात्र शुल्झ यांचे नव्हे. वितरक संस्थेने ते त्यांच्या गळ्यात बांधले, आणि त्यांना ते अखेरपर्यंत रुचले नाही.

२ ऑक्टोबर १९५० रोजी अमेरिकेतील सात वृत्तपत्रांत ही मालिका प्रथम छापली गेली. त्या पहिल्याच चित्रांत पायरीवर बसलेला एक मुलगा समोरून जाणाऱ्या चार्ली ब्राउनचे कौतुक करतो, आणि तो पुढे जाताच, आपल्याला तो मुळीच आवडत नाही असे सांगून मोकळा होतो. येथूनच त्या गोल डोक्याच्या मुलाच्या कपाळी काय लिहिले आहे ते कळते. त्याचा पतंग झाड गिळते (तसे एक झाड आमच्या चर्चच्या आवारातही आहे). त्याचा बेसबॉलचा संघ बहुधा हरतो. आणि दरवर्षी ल्यूसी नावाची मुलगी फुटबॉल धरून बसते व हा लाथ मारावयास धावत आला की ऐनवेळी तो काढून घेते. तो उताणा पडतो. पुढच्या वर्षी पुन्हा धावतो.

लहानपणी आम्हांस याचे हसू येई. त्यामागचे दुःख कळावयास वेळ लागला. शुल्झ यांचा जन्म १९२२ सालचा, मिनेसोटा राज्यातला. वडील न्हाव्याचे दुकान चालवीत. चार्ली ब्राउनच्या वडिलांनाही त्यांनी तोच व्यवसाय दिला. १९४३ साली, ते नुकतेच सैन्यात भरती झालेले असताना, त्यांची आई कर्करोगाने वारली, आणि थोड्याच दिवसांत त्यांना घर सोडून दूरच्या लष्करी तळावर जावे लागले. ही हकीकत आम्ही सेमिनरीत असताना वाचली. त्याच वर्षी आमचीही माता निवर्तली होती. भेटावयास येणारे प्रेमाने पुष्कळ बोलत. ते सारे खरे होते, पण त्यातले काही मनात उतरत नसे. रात्री त्या जीर्ण पुस्तिका उघडल्या की मात्र बरे वाटे. तेथे कोणी कोणाची समजूत घालीत नव्हते. एक मुलगा अंथरुणात पडून काळोखाकडे पाहत जागा होता, एवढेच.

सांत्वन करणाऱ्यांची थट्टाही शुल्झ यांनी केली आहे. ल्यूसी पाच सेंट घेऊन मनोरुग्णांस सल्ला देण्याचे दुकान थाटते. तिचा सल्ला बहुधा निरुपयोगी असतो, पैसे मात्र ती चोख वाजवून घेते. शोकाच्या घरी पाऊल टाकण्यापूर्वी आम्हां धर्मगुरूंनी हे दुकान अवश्य आठवावे! त्याहून आम्हांस जवळचा वाटतो तो तिचा धाकटा भाऊ लायनस. हा मोठा विचारी मुलगा. बायबलातील वचने त्याच्या जिभेवर. पण हातातले निळे पांघरूण सुटले की त्याचा जीव कासावीस होतो. ज्ञान आणि भीती एकाच मुलाच्या ठायी नांदतात हे शुल्झ यांनी कोणतेही प्रवचन न करता दाखविले.

१९६५ साली या मुलांवर नाताळचा दूरदर्शनपट निघाला. त्यात पवित्र शास्त्राचा उतारा वाचला जावा, असा आग्रह शुल्झ यांनी धरला व तो सिद्धीस नेला. लायनस रंगमंचावर उभा राहून संत लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळांचा वृत्तांत सांगतो, आणि देवदूताच्या ‘भिऊ नका’ या शब्दांपाशी येतो तेव्हा ते पांघरूण त्याच्या हातून गळून पडते. ते घडल्याचे कोणी बोलून दाखवीत नाही. भाषण संपल्यावर तो ते उचलून चालू लागतो, हेही आम्हांस फार खरे वाटते.

शुल्झ यांनी सुमारे पन्नास वर्षे ही मालिका साहाय्यकाविना स्वतः रेखाटली. पुढे हात कापू लागला, रेषा थरथरू लागल्या, तरी लेखणी दुसऱ्याच्या हाती दिली नाही. १२ फेब्रुवारी २००० च्या रात्री ते निवर्तले. त्यांचे अखेरचे रविवारचे चित्र दुसऱ्या दिवशी सकाळी वृत्तपत्रांत आले.

फुटबॉलचा शेवटचा प्रसंग त्यांनी १९९९ च्या ऑक्टोबरात काढला. चार्ली ब्राउन धावावयास सज्ज झाला आहे, आणि इतक्यात आई जेवावयास हाक मारते म्हणून ल्यूसी चेंडू धाकट्या भावाच्या, रीरनच्या, हाती देऊन घरात जाते. थोड्या वेळाने तो आत येतो. काय झाले, तू चेंडू काढून घेतलास की त्याने लाथ मारली, असे ती अधीर होऊन विचारते. तो सांगत नाही. आणि ते चित्र शुल्झ यांनी वाचकांसही दाखविलेले नाही.