छायाचित्रांसाठी घरचा प्रिंटर

वर्षीतपाचे पारणे अक्षय्य तृतीयेला, पर्युषण श्रावण-भाद्रपदात, चोपडापूजन दिवाळीत. घरी छायाचित्रे छापण्याची घाई याच दिवसांत होते. मधले महिने प्रिंटर कोपऱ्यात झाकून पडलेला असतो. इंकजेट प्रिंटर बिघडतो तो बहुधा या रिकाम्या काळात. शाई फवारणारी त्याच्या हेडची छिद्रे केसाहूनही बारीक. शाई त्यांत वाळली की चेहऱ्यांवर आडवे पट्टे उमटतात. म्हणून मिनिटाला किती पाने निघतात, यापेक्षा हेड तुंबल्यास काय करावे लागेल, हे विक्रेत्याला आधी विचारावे.

काही स्वस्त प्रिंटरांत हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते. कार्ट्रिज बदलले की हेडही नवे. मात्र ती शाई फार महाग पडते. टाकीच्या प्रिंटरांत शाई स्वस्त, पण हेड यंत्रातलेच. कॅननच्या जी मालिकेतील अनेक प्रिंटरांचे हेड घरी बदलता येते. एप्सनसाठी सेवाकेंद्र गाठावे लागते. हेड साफ करताना वाया जाणारी शाई शोषणारा पॅड भरला की यंत्र थांबते. तो सहज बदलता येतो का, हेही पाहावे.

दुकानाची बिले आणि घरची छायाचित्रे एकाच यंत्रावर निघावीत, असा हिशेब व्यापारी घरांत स्वाभाविकच होतो. परंतु चार शायांच्या अनेक प्रिंटरांतील काळी शाई साध्या कागदासाठी असते. चकचकीत कागदावर काळा रंग इतर तीन शाया मिसळून साधावा लागतो आणि तो काहीसा फिका उतरतो. छायाचित्रांचीच हौस असेल तर एप्सन एल८०५० किंवा कॅनन जी५७० यांसारखा सहा शायांचा प्रिंटर घ्यावा. आठवड्याला एक रंगीत पान काढावे. दुकान बंद करताना मुख्य स्विच पाडण्याआधी प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करावा. तेव्हाच हेडवर झाकण नीट बसते.

चार बाय सहा इंचांच्या चांगल्या छपाईस सुमारे १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत बहुधा दाबलेली असते. मूळ फाइल मागवावी.

कागदाचा प्रश्न जैन घरासाठी अधिक नाजूक आहे. स्टुडिओतील पारंपरिक फोटो-कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. इंकजेटच्या सूक्ष्मछिद्री कागदांवर सहसा सिलिका वा अ‍ॅल्युमिनाचा थर असतो. तरी काही इंकजेट कागदांतही जिलेटिन वापरतात. तीर्थंकरांची प्रतिमा किंवा तपस्वी आजीचे छायाचित्र छापण्यापूर्वी कागदाच्या उत्पादकाकडून याचा लेखी खुलासा मागवून घ्यावा.