पाबळची लॅब, दौंडचा नकाशा आणि लायसन्सच्या गमतीजमती

पाबळ म्हटलं की बहुतेकांना मस्तानीची समाधी आठवते. शिरूर तालुक्यातल्या याच गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि २००२ मध्ये इथे फॅब लॅब, म्हणजे यंत्रांवर वस्तू घडवायची कार्यशाळा, आली. अमेरिकेबाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक. हात दिला तो अमेरिकेतल्या एमआयटीने. जगभरच्या फॅब लॅबची एक सनद आहे. तिचं म्हणणं असं की, इथे केलेलं डिझाइन खुशाल विका, त्यावर हक्क सांगा, पण दुसऱ्यालाही ते वापरता आणि त्यातून शिकता आलं पाहिजे. मालकी आणि मोकळीक एका घरात नांदू शकतात, हे ज्याला पटलं त्याला ओपन सोर्स लायसन्स निम्मं कळलं. उरलेलं निम्मं पुढे.

गप्प राहिलात तर दार बंद

शिरूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रोजेक्ट गिटहबवर टाकला आणि लायसन्स लिहिलंच नाही, तर तो सगळ्यांना वापरायला खुला झाला का? नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम चक्क साहित्यकृतीत मोडतो. लिहिल्या क्षणापासून हक्क लिहिणाऱ्याचा, नोंदणी केलेली असो वा नसो. तो हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो! तेव्हा असा कोड लोकांना वाचता येतो, पण आपल्या कामात घेता येत नाही. लायसन्स म्हणजे मालकाने आधीच लिहून ठेवलेली परवानगी.

एमआयटी: पावणेदोनशे शब्दांत मोकळं

दौंडच्या पोरांना एमआयटी म्हटलं की सोलापूर रोडवरचं लोणी काळभोर आठवणार. हे लायसन्स मात्र मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीच्या नावाचं, म्हणजे पाबळला लॅब देणाऱ्या संस्थेच्या. अख्खं लायसन्स पोस्टकार्डावर बसेल एवढं. कॉपीराइटची ओळ आणि हा मजकूर काढू नका, बाकी काहीही करा: बदला, विका, तुमचा कोड झाकून ठेवा. शेवटी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की काही बिघडलं तर जबाबदारी आमची नाही.

बीएसडी लायसन्स याच घराण्यातलं, आणि त्याची एक खरी गोष्ट आहे. ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यासाठी मिनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. इंटेलने ती आपल्या चिपच्या आत बसवली आणि टॅनेनबॉमना हे २०१७ मध्ये बातम्यांतून कळलं. जगभरच्या कॉम्प्युटरमध्ये आपलं काम चालू आहे आणि आपल्यालाच पत्ता नाही! त्यांनी इंटेलला खुलं पत्र लिहून एवढंच सुचवलं की, सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. सांगायचं बंधन लायसन्समध्ये नव्हतंच.

जीपीएल: घेतलंत तर पुढे द्या

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये जीपीएल आणलं. दुसरी आवृत्ती १९९१ ची, तिसरी २००७ ची. इथली अट विरजणासारखी आहे: चमचाभर घातलं की सगळं पातेलं दही होतं. जीपीएलचा कोड तुमच्या प्रोग्रॅममध्ये मिसळून तो दुसऱ्याला दिलात, की पूर्ण प्रोग्रॅमचा सोर्स कोड त्याच अटींवर द्यावा लागतो. घरातल्या घरात वापरलात तर कुणाचं काही देणं लागत नाही. आणि जीपीएलचं सॉफ्टवेअर विकता येत नाही हा समज साफ चुकीचा आहे. पैसे जरूर घ्या, फक्त कोड लपवू नका.

हे कलम कागदावरच राहतं असं वाटत असेल तर लिंक्सिसचा निळा-काळा राउटर आठवा, डब्ल्यूआरटी५४जी. त्याच्या आत जीपीएलखालचं लिनक्स असल्याचं लोकांनी २००३ मध्ये शोधून काढलं आणि कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला. त्या कोडमधून ओपनडब्ल्यूआरटी जन्माला आलं, आजही ते कितीतरी कंपन्यांच्या राउटरवर चालतं. नावात त्या राउटरची तीन अक्षरं अजून आहेत.

गंमत म्हणजे लिनस टॉरवाल्ड्स यांच्या १९९१ च्या लिनक्सला पैसे घेऊन वाटायची बंदी होती. १९९२ मध्ये त्यांनी जीपीएल स्वीकारलं आणि लिनक्सचा धंदाही मोकळा झाला.

जीपीएलची दोन भावंडं आहेत. एलजीपीएल मवाळ: लायब्ररी जोडून वापरलीत तर तुमचा कोड तुमचाच. एजीपीएल कडक: सुधारलेला प्रोग्रॅम सर्व्हरवर ठेवून नुसती सेवा दिलीत, तरी वापरणाऱ्यांना कोड द्यायचा.

दौंड जंक्शनवर वेळ असेल तर

गाडी लेट असेल तर अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ आणि तिथे कायदेशीर माहितीचा भाग शोधा. लायसन्सची यादी उघडेल, बोट दुखेपर्यंत सरकवा, संपत नाही. त्यात अपाची २.० पुन्हा पुन्हा दिसेल, कारण अँड्रॉइडचा बराचसा भाग त्याच लायसन्सखाली आहे. तळाशी असलेलं लिनक्स कर्नल मात्र जीपीएल २ वर. अपाची २.० हे २००४ चं. एमआयटीइतकंच मोकळं, वर पेटंटचं कलम. कोड देणारा त्यातल्या आपल्या पेटंटचीही परवानगी देतो, आणि त्या कोडवरून पेटंटचा दावा ठोकणाऱ्याची परवानगी रद्द होते.

फ्लेक्सवरची अक्षरं, फोनमधला नकाशा

मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि मोदक हे देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. लग्नपत्रिका छापा, वाढदिवसाचा फ्लेक्स लावा, एक पैसा द्यायचा नाही. नुसता फॉन्ट विकता येत नाही, आणि बदल करून वाटलात तर तोही याच लायसन्सखाली वाटायचा. छापलेल्या पत्रिकेला कसलीच अट नाही.

भीमा, घोड, रांजणगावचा गणपती आणि दौंडचे रूळ ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर आहेत. हा डेटा २०१२ पासून ओडीबीएल लायसन्सखाली आहे. त्यावरून तालुक्याचा नकाशा छापून विका, फक्त श्रेय द्या. मूळ डेटात भर घालून ती लोकांत आणली, तर मात्र ती भरही खुली ठेवायची.

वल्ली

तुमच्या फोनमध्येच असलेल्या एसक्यूलाइट या डेटाबेसला लायसन्सच नाही. तो सार्वजनिक मालकीचा, आणि कोडच्या फाइलींत लायसन्सच्या जागी आशीर्वाद लिहिलेला आहे. जेसन लायसन्सने सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठीच वापरा, वाइटासाठी नको, अशी अट घातली. हेतू कितीही भला असो, ते ओपन सोर्स ठरत नाही, कारण वापर कशासाठी यावर बंधन घातलं की ओपन सोर्सची व्याख्याच मोडते. ‘फक्त अव्यापारी वापरासाठी’ म्हणणारी लायसन्सही याच कारणाने बाहेर.

मग तुम्ही काय निवडावं? जास्तीत जास्त लोकांनी वापरावं एवढंच हवं असेल तर एमआयटी. कंपन्या आणि पेटंट यांच्याशी गाठ पडणार असेल तर अपाची. शाळा, शेती, पाणी यांसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमला माझं मत जीपीएल ३ ला, कारण गावाच्या कामाचं सॉफ्टवेअर कुणी सुधारून पुढे विकलं, तर त्या सुधारणेचा कोडही मोकळाच राहायला हवा. स्वतःचं लायसन्स मात्र रचत बसू नका. आज रात्री तुमचा प्रोजेक्ट उघडा, ‘लायसन्स’ नावाची फाइल घाला, तयार मजकूर चिकटवा, एमआयटी असेल तर त्यात साल आणि तुमचं नाव टाका.