कोमिल्लाची आठवड्याची बैठक

आयसीएसची नोकरी सोडून कुलपं दुरुस्त करत बसणारा माणूस लोकांना वेडाच वाटणार. अख्तर हमीद खान यांनी नेमकं तेच केलं. 1943 चा बंगालचा दुष्काळ त्यांनी पाहिला आणि पुढं लवकरच राजीनामा दिला. नंतर अलीगढजवळच्या एका खेड्यात त्यांनी मजुरी केली, कुलपं दुरुस्त केली. गरिबी त्यांना फायलींमधून नव्हे, गरिबांत राहून समजून घ्यायची होती.

फाळणीनंतर काही वर्षांनी ते पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, कोमिल्लाच्या कॉलेजचे प्राचार्य झाले. 1959 मध्ये तिथं ग्रामविकास अकादमी निघाली आणि संचालकपद त्यांच्याकडं आलं. अकादमीचं काम सुरू झालं ते गांधीवाद्यांनी उभारलेल्या अभय आश्रमाच्या आवारात.

भोवतालच्या शेतकऱ्यांची जमीन सरासरी दोन एकरांच्याही आत. पावसाळ्यात ती पुराखाली, नंतर कोरडी. बियाण्यासाठी महाजनाचं कर्ज ठरलेलं. खानसाहेबांनी अनुदानापासून सुरुवात केली नाही. गावानं सोसायटी काढायची, दर आठवड्याला बैठक घ्यायची आणि प्रत्येकानं जमेल तेवढी, पण न चुकता बचत टाकायची. गावानंच निवडलेला माणूस आठवड्याला अकादमीत येई, शेतीतलं नवं शिकून जाई आणि बैठकीत सांगे. कर्ज मिळे ते बचत आणि पिकाचा आराखडा पाहून. पंप एकट्याला परवडणारा नव्हता; सोसायटीला परवडला. आपल्याकडच्या बचत गटांतल्या बायकांना ही रीत नवी वाटणार नाही.

रमजानमध्ये जकात देणाऱ्या अनेकांचा अनुभव आहे: गेल्या वर्षी पुढं आलेला हातच यंदाही पुढं येतो. देण्याचं मोल त्यानं कमी होत नाही. पण कोमिल्लात प्रश्न विचारला गेला तो त्या हाताच्या पुढच्या वर्षाचा.

1963 मध्ये खान यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बांगलादेश झाल्यावर सरकारनं हा नमुना देशभर नेला आणि तिथंच तो विस्कटला. सोसायट्या घाईनं निघाल्या, मोठ्या शेतकऱ्यांनी त्या ताब्यात घेतल्या, कर्जं थकली. आणखी एक उणीव मुळातच होती. ज्याला जमीनच नाही, त्याला या बैठकीत फारशी जागा नव्हती. पुढं 1976 मध्ये चितगावजवळच्या जोब्रा गावात मुहम्मद युनूस यांनी छोटी कर्जं द्यायला सुरुवात केली, ती अशाच भूमिहीनांपासून. आठवड्याची बैठक मात्र तिथंही राहिली.