शिलाई मशीनच्या झाकणाचा कुबट वास

पावसाळा नुकताच सरला होता. आमच्या वस्तीतील एक भगिनी शिलाई मशीनचे लाकडी झाकण कडेवर घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. "भाऊ, भंगारवाला याचे काही देईल का? नाहीतर बंबात घालते," म्हणाल्या. त्या आत आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ कुबट वासही आत आला. आमच्या सौभाग्यवतींनी गुपचूप खिडकी उघडली.

चौकशी केली तेव्हा खरी अडचण कळली. १९८२ च्या गिरणी संपात त्यांच्या सासऱ्यांचे काम गेले. त्यानंतर सासूबाईंनी याच सिंगर हातमशीनवर चार मुलांचे पोट भरले. आता सासूबाई नाहीत. सूनबाई त्याच मशीनवर ब्लाऊज शिवतात. एवढ्याशा खोलीत दुसरी जागा नाही, म्हणून गिऱ्हाइकांचे कापड रात्री मशीनशेजारी झाकणाखालीच राहते. त्या महिन्यात दोघींनी वासामुळे ब्लाऊज परत आणून दिले, त्यात एकीने शिलाईही दिली नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. कोणाचा धंदा असा बुडताना पाहिला की आम्हाला राहवत नाही. "वहिनी, झाकण इथे ठेवून जा. महिन्याने बघू," असे आम्ही सांगितले.

हे आम्ही बोललो ते एका जुन्या चुकीच्या जोरावर. आमच्या मातोश्रींच्या मशीनचे असेच झाकण आम्ही एकदा साबणाच्या पाण्याने खसाखसा धुतले आणि मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर ठेवले. संध्याकाळपर्यंत त्याचे पापुद्रे पापडासारखे सुटून वर आले. वास होताच, म्हणून वर फिनेल लावले. मग कुबट आणि फिनेल असे दोन वास झाले. मातोश्री काही बोलल्या नाहीत, पण त्या झाकणाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

असे का झाले ते पुढे एका वृद्ध सुतारबाबांनी समजावले. जुन्या मशीनचे गोल वळणाचे झाकण एका अखंड फळीचे नसते. लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर सरसाने चिकटवून ते वाकवलेले असते. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनतो. तो पाण्याने व उष्णतेने सुटतो. म्हणजे आम्ही एकाच दिवसात त्याचे दोन्ही शत्रू त्याच्यावर सोडले होते!

या वस्तू आपल्या घरात कशा आल्या, हेही पाहण्यासारखे आहे. हप्त्याने मशीन विकण्याची पद्धत सिंगर कंपनीने १८५६ मध्ये अमेरिकेत सुरू केली. त्यामुळे रोख पैसे नसलेल्या घरातही मशीन पोहोचू लागले. या कंपनीचा प्रचंड कारखाना स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँक येथे होता. तो १८८५ मध्ये सुरू झाला व १९८० मध्ये बंद पडला. मशीनच्या पायथ्याशी कोरलेला क्रमांक 'वाय' अक्षराने सुरू होत असेल तर ते मशीन तेथले समजावे. वहिनींचे तेथलेच निघाले. तो कारखाना बंद पडून इतकी वर्षे झाली, मशीन अजून टाके घालते आहे.

आता वासाचे. आधी वास कशाचा ते शोधावे. झाकण उताणे करून बॅटरीच्या उजेडात पाहिले तर आतल्या कोपऱ्यांत पांढुरकी-हिरवट बुरशी दिसली. हे पावसाळ्याच्या दमटपणाचे आणि ओल आलेल्या भिंतीचे काम. दुसरा वास खालच्या लाकडी पाटाचा होता. सासूबाई मशीनला खोबरेल तेल घालीत. अनेक घरांत अजून तसेच घालतात. खोबरेल खवट होते, चिकट होते, मशीन जड करते आणि लाकडात मुरते. मशीनला मशीनचेच तेल घालावे, हे आम्ही वहिनींना तीनदा सांगितले.

पहिले काम कोरडे. आत चिकटवलेला कागद, कापडाचे तुकडे काढून टाकले. नाकातोंडाला रुमाल बांधून, घराबाहेर, रंगाच्या कोरड्या ब्रशने बुरशी झाडली. घरात दम्याचा माणूस असेल तर त्याला तेथे थांबू देऊ नये. मग पांढरे व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन त्यात फडके बुडवले व घट्ट पिळून आतून पुसले. लगेच कोरड्या फडक्याने पुन्हा पुसले. फडक्यातून थेंब गळत असेल तर ते अजून पिळायचे आहे, असे समजावे.

त्यानंतर धीर. आठ दिवस झाकण सावलीत, वाऱ्याला उताणे ठेवले. सकाळचे कोवळे ऊन अर्धा तास, तेही फक्त आतल्या बाजूला. पुढचे आठ दिवस एका मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत झाकण, आणि सोबत एका वाटीत खाण्याचा सोडा व एका वाटीत लाकडी कोळसा, असे तोंड बांधून ठेवले. शेजाऱ्यांनी डांबरगोळ्या सुचवल्या. त्यांनी वास दबतो, जात नाही, आणि ब्लाऊजला डांबरगोळीचा वास आला तर ते गिऱ्हाईकही जाईल.

कुबटपणा गेला, पण पाटात मुरलेले खवट तेल राहिलेच. त्यावर उपाय लाखेचा. पाव लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये ३०-४० ग्रॅम चपडी लाख रात्रभर भिजवली, सकाळी कापडाने गाळली आणि पाट व झाकणाच्या आतून दोन पातळ हात दिले. लाखेचा थर वासाला आतच कोंडतो. लाकूड पूर्ण कोरडे नसेल तर मात्र ओलही आत कोंडते. स्पिरिट पेट घेते व विषारी असते. स्टोव्ह, विडी, मेणबत्ती जवळ नको, मुलांच्या हाती बाटली नको.

बाहेरून आधी नजरेआडच्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाकून पाहावा. ती जागा चिकट झाली तर जुने पॉलिश लाखेचेच. मग सगळे खरवडून काढण्याची गरज नसते. मलमलीत कापूस गुंडाळून बोळा करावा आणि त्याच पातळ लाखेने हलक्या हाताने फिरवावा. आमचा हात एका ठिकाणी थांबला, तेथे डाग पडला. तो अजून दिसतो. वरचा पापुद्रा फार पातळ असतो, म्हणून पॉलिश पेपर घासू नये. सुटलेल्या कडेखाली फेविकॉलचे बोट फिरवून, कागद ठेवून, रात्रभर वजन ठेवले की पुरे. नाक्यावरचा मिस्त्री म्हणाला, "सनमायका मारून देतो." आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवले.

एक इशारा. हे स्पिरिट लोखंडी मशीनला लावू नका. काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी लाखेच्या थराखाली असते, ती पुसून जाते. मशीनचे अंग मशीनच्याच तेलाने पुसावे.

महिन्याने वहिनी आल्या. त्यांनी झाकणात डोके घालून वास घेतला, पुन्हा घेतला, आणि म्हणाल्या, "सासूबाई असत्या तर खोबरेल घातले म्हणून तुम्हीच त्यांना रागावला असता." खर्च एका ब्लाऊजच्या शिलाईच्या आसपास आला. तो त्यांनी हट्टाने दिला, आम्हीही घेतला. आता मशीन भिंतीपासून वीतभर पुढे, दोन विटांवरच्या फळीवर असते. दुपारी झाकण काढून ठेवतात. उचलताना नुसत्या मुठीला धरून उचलू नका, जुनी कडी दगा देते, पाटाखाली हात घाला, हेही त्यांना सांगितले आहे. कुलपाची चावी मात्र सापडली नाही. झाकण सध्या साडीच्या काठाने बांधलेले असते.